दिगंबरचा कुंभक

मुलांनो, गोष्ट ऐकताना डोळे मिटायची गरज नाही. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर घाटावर चला.

पौष महिना आहे. कृष्णेच्या पाण्यावर धुकं इतकं दाट बसलंय, की पलीकडचा काठ दिसत नाही. तिकडच्या मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीचा आवाज तेवढा येतो. पायऱ्या दवानं ओल्या आहेत, तेव्हा जपून उभे राहा. अगदी खालच्या पायरीवर तुमच्याच वयाचा एक मुलगा मांडी घालून बसला आहे. एवढ्या थंडीत अंगात शाळेची खाकी पँट आणि नुसतं बनियन. तो भराभरा श्वास घेतोय आणि सोडतोय, लोहाराच्या भात्यासारखा. मग एक मोठा श्वास छातीत भरून तो पाण्यात उतरतो आणि डोक्यासकट खाली जातो.

पाण्यावर एक वर्तुळ उमटतं. मोठं होतं, विरून जातं.

आधी तुम्हाला कौतुक वाटेल. दमाचं पोरगं दिसतंय. जरा वेळानं तुम्ही शेजारच्याकडं बघाल. पलीकडं धुणं आपटणारी बाई हात थांबवेल. पाणी तसंच गुळगुळीत. आणि मग तुमच्या ध्यानात येईल, की तुम्हीही श्वास धरून उभे आहात आणि तो सोडायचा धीर तुम्हाला होत नाही, कारण खालचा मुलगा अजून वर आलेला नाही.

ती धुणं धुणारी बाई खरोखर तिथं होती, आणि पायऱ्या उतरत होतो मी. पुढं काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी मला थोडं मागं जायला लागणार आहे. रागावू नका. हा मुलगा कोण, हे कळल्याशिवाय तो पाण्यात का गेला हे कळायचं नाही.

त्याचं नाव दिगंबर. सगळे दिगू म्हणत. तुमचे आईवडील शाळेत असतील, तेव्हाची ही गोष्ट. मी त्या गावच्या शाळेत शिकवत होतो, आणि शाळा भरायच्या आधी व्हरांड्यात चटया टाकून मुलांकडून योगासनं करून घेत होतो. दिगू नववीत होता. त्याच्या आदल्या वर्षी तो आणि त्याचा जोडीदार उमेश, दोघंही नशेला लागले. सायकलचं पंक्चर काढताना लावतात ते सोल्यूशन फडक्यावर घ्यायचं आणि हुंगायचं. तुम्हाला ऐकून हसू येईल, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. पुलाखाली दोन पोरं तोंडाला फडकं लावून बसलेली, एवढंच. पण बघता बघता दिगूचा खणखणीत आवाज घोगरा झाला. ओठांच्या कडेला फोड आले. वर्गात प्रश्न विचारला, की तो माझ्याकडं असा बघायचा, जसा काही मी नदीच्या पलीकडून हाक मारतोय.

त्याचे वडील ट्रकवर होते, क्वचित घरी यायचे. आई अक्काताई द्राक्षबागेत मजुरीला जायची. तिनं करायचं ते सगळं केलं. मारलं, उपाशी ठेवलं, देवाला नेलं, मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. कामावर जाताना त्याला घरात कोंडून बाहेरून कुलूप घालायची. तो कौलं सरकवून निघून जायचा. संध्याकाळी ती आधी पुलाखाली जायची, त्याला ओढत घरी आणायची आणि मग चूल पेटवायची.

उमेशच्या घरीही तेच. त्याची आई शालन तापट, पटकन हात उचलणारी. भर गल्लीत पोराला बडवायची आणि मग रात्री त्याच पाठीला तेल चोळत बसायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत उमेश घाटावर बुडाला. पाठीला डबा न बांधता पोहायला शिकलेला पोरगा तो, पण बुडाला. बंधाऱ्याच्या फळ्यांशी सापडला. त्याच दिवशी सकाळी शालननं त्याला फार मारलं होतं, आणि ते गल्लीनं पाहिलं होतं. मग गाव बोलायचं ते बोललं. पोरानं मनाला लावून घेतलं म्हणे. शालनला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, पण तिला ते कळायचं राहिलं नाही. तिनं बोलणं टाकलं. घाटावरून येणाऱ्या गल्लीत तिचं घर. दिवसभर दारात बसून असायची, उजवा हात मांडीखाली दाबून. जसा काही तो हात तिला कुणाला दाखवायचा नव्हता.

दिगूला लोकांनी विचारलं. तो म्हणाला, मी घरात झोपलो होतो. अक्काताईनंही तेच सांगितलं. ती कामावरून आली, तेव्हा तो खरंच झोपलेला होता.

त्या दिवसानंतर दिगूनं फडक्याला हात लावला नाही. अंग थरथरायचं, जेवलेलं पोटात टिकायचं नाही, भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा, पण पुलाकडं गेला नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि एका सकाळी तो व्हरांड्यात येऊन मागच्या रांगेत उभा राहिला. मी काही विचारलं नाही, एक चटई पुढं सरकवली. एका पायावर उभं राहायला सांगितलं की तो पडायचा. पोरं हसायची. तो उठून परत पाय उचलायचा. एकही सकाळ त्यानं चुकवली नाही. गाव म्हणालं, पोरानं धसका घेतला, सुधारला. मलाही तसंच वाटलं आणि आनंद झाला.

आता एक गोष्ट नीट ऐका. मी मुलांना श्वास धरून ठेवायला शिकवत नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. मुलांनी श्वास घ्यावा, सोडावा, त्याच्या येण्याजाण्याकडं बघावं. तो अडवून ठेवण्याला कुंभक म्हणतात. ते मोठ्यांचं काम, आणि तेही जाणत्या माणसाच्या समोर बसून करायचं. पण डिसेंबरात बाजारतळावर मोठ्यांसाठी योगाचं शिबिर झालं. ते घेणारे आचार्य बाहेरगावचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी एका सकाळी सांगितलं, की श्वास थांबला की मन थांबतं. दिगू सगळ्यांच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी बसून ते ऐकत होता.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी आचार्यांनी सगळ्यांना कुंभक करायला सांगितला. मंडळींचे चेहरे लालबुंद झाले. एकेक जण फुस्सकन श्वास सोडायचा आणि शेजारी खुदखुदायचे. सगळे झाले, तरी दिगू तसाच बसलेला. आचार्यांनी हातानं लोकांना गप्प केलं. बाजारतळ शांत झाला. शेवटी त्यानं श्वास सोडला, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. आचार्यांनी त्याला मंचावर बोलावून आपल्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, हे या जन्मीचं नव्हे. अक्काताई पदर तोंडाला लावून रडत होती. सरपंचांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, की सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की दिगंबरचं प्रात्यक्षिक आणि सत्कार.

दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला महाराज म्हणायला लागली. एकानं तर वाकून नमस्कार केला आणि विचारलं, महाराज, गणितात किती पडतील तेवढं बघून सांगा. दिगू हसला नाही.

त्यानं श्वास सोडला तेव्हा मी मागं वळून त्याच्याकडंच बघत होतो, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला होता. मुलांनो, तुम्ही कधी श्वास कोंडून बघितला असेल, तर तो सोडताना काय सुख होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दिगूच्या तोंडावर ते सुख नव्हतं. कुठं तरी निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेतून परत पाठवावं, तसा तो दिसत होता.

वर्ग सुटल्यावर मी त्याला थांबवून घेतलं.

"दिगू, श्वास धरतोस तेव्हा बरं वाटतं का?"

"न्हाई."

"मग कशाला धरतोस?"

तो चटई गुंडाळत होता. "बघतोय, सर."

"काय बघतोयस?"

त्यानं चटई कोपऱ्यात उभी केली आणि तो गेला. मी पाठीमागून एवढंच म्हणालो, की हे आता बंद कर, माझं ऐक.

त्याच दिवशी संध्याकाळी अक्काताई माझ्या घरी आली. बागेतून परस्पर आली होती. ती बाई माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसली नाही, तशीच उंबऱ्याशी उभी राहिली.

"सर, तुम्ही त्याला नको म्हणालासा?"

मी तिला समजावलं, की हे त्याच्या वयाला योग्य नाही, यात धोका आहे. ती मान हलवत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही शिकलेली मानसं, तुमचं खरं असंल. पर मी त्ये फडकं बघितलंय, सर. श्वासाचं मला भ्या वाटत न्हाई. आता कुठं लोक त्याला नावानं हाक मारायला लागल्यात. ह्ये काढून घेतलं आनि त्यो परत पुलाखाली गेला, तर मी काय करू? कुलूप घालायचं बळ न्हाई आता माझ्यात."

काही दिवस मी त्याला जवळ बसवून घेतो, हळूहळू बाहेर काढतो, असं मी म्हणालो. ती हात जोडून निघून गेली. रात्रभर मला ते कुलूप आठवत राहिलं.

सत्काराच्या आदल्या सकाळी दिगू व्हरांड्यात आला नाही. त्याची जागा मोकळी होती. पोरं म्हणाली, महाराज घाटावर सराव करतायत. मी त्यांना शवासनात झोपवलं आणि जमेल तितक्या लवकर घाटाकडं निघालो.

आणि आता परत या तिथं. धुकं, गुळगुळीत पाणी, हात थांबवलेली बाई.

"सर, पोरगं वर यीना की," ती म्हणाली.

मला स्वेटर काढायचंही सुचलं नाही. पाण्यात पाय टाकला आणि थंडीनं छाती आवळली. पाणी हिरवं, हातभराच्या खाली काही दिसत नव्हतं. मी पायानं चाचपत गेलो, मग बुडी मारली. हाताला त्याचे केस लागले. धरून ओढलं तर तो येईना. परत खाली गेलो. नावा बांधायला तिथं एक लोखंडी कडी आहे, पाण्याखालच्या पायरीत रोवलेली. दिगूची बोटं त्या कडीत आवळलेली होती. मी एकेक बोट सोडवलं. तोवर त्या बाईनं धुण्यातलं ओलं लुगडं माझ्याकडं फेकलं होतं. ती वरून ओढत होती, मी खालून ढकलत होतो, असा आम्ही त्याला पायरीवर घेतला.

ओठ निळे. डोळे अर्धवट उघडे. त्याला कुशीवर वळवून मी पाठीवर थापटलं. पाणी बाहेर आलं. मग काही नाही. मग एक खरखर, जणू दार उघडताना जमिनीला घासावं, आणि तो खोकला.

बाई माणसं आणायला गावाकडं धावली. घाटावर आम्ही दोघंच उरलो. मी त्याला मांडीशी धरून बसलो होतो. माझेच दात वाजत होते.

"जीव द्यायला आला होतास?"

त्यानं मान हलवली. "न्हाई. वरच येत हुतो. बोटं सुटली न्हाईत."

"मग कशासाठी, बाळा? उद्याच्या टाळ्यांसाठी?"

तो पाण्याकडं बघत होता. बोलला तेव्हा मला आधी कळलंच नाही.

"उम्याला किती वेळ कळत हुतं, त्ये बघत हुतो."

मग ते सगळं बाहेर आलं, तुटक तुटक. त्या दिवशी तो घरात झोपला नव्हता. दोघंही याच पायरीवर होते. दुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. फडकं दोघांत एक. उमेश म्हणाला, पाणी बघ कसलं चमकतंय, आणि हसत हसत त्यात शिरला. तो जरा पुढं गेला. नशेत अंग त्याचं राहिलं नव्हतं.

"त्यानं हात वर केला, सर. मला वाटलं, मला बोलावतोय. ये म्हणतोय." दिगू थांबला. "मी हसलो. मीबी हात केला."

त्यानंतर तो तिथंच बसून राहिला होता. पाण्यात त्याला रंग दिसत होते. कधी तरी तो उठला, घरी गेला आणि झोपला. उमेशच्या गल्लीतून ऐकू आलेल्या रडण्यानं जाग आली, तेव्हा कुठं त्याला तो हात आठवला.

"आचार्य म्हणाले, श्वास थांबला की मन थांबतं. माझं थांबत न्हाई. जेवढा जास्त धरतो तेवढं वाटतं, उम्याला ह्याच्यापरास जास्त लागलं असंल. लगीच गेला असंल का, सर? तुम्हाला म्हाईत असंल."

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या वयाच्या माणसाला सगळं माहीत असतं, असं तुम्हाला वाटतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, दिगू. कुणालाच माहीत नाही. आणि तू असा पाण्यात जाऊन ते तुला कधी कळणार नाही."

त्यानं छाती भरायला घेतली, सवयीनं, पुन्हा श्वास कोंडायला. मी तळवा त्याच्या पाठीवर ठेवला.

"धरू नकोस. ढकलूही नकोस. त्याला त्याचं करू दे."

तो थरथरत बसला. श्वास आधी तुकड्या-तुकड्यांनी आला. मग एक पुरा आला. मग आणखी एक. माझ्या तळव्याखाली त्याची पाठ वर होत होती, खाली होत होती.

"येतोय?"

"येतोय."

"तू आणतोयस का?"

त्यानं जरा वेळ बघितलं. "न्हाई," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम मोडला. उमेश गेल्यापासून तो रडला नव्हता. आता रडला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. मी तळवा काढला नाही.

त्याचं रडं जरा ओसरल्यावर मी विचारलं, "शालनकाकींना काय वाटतं, ते तुला ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. उमेश गेल्यापासून तो त्या गल्लीत शिरलाच नव्हता. घाटावर यायलासुद्धा मळ्यातून वळसा घालून यायचा. मी त्याला ते सांगितलं. सकाळचा मार, गावाचं बोलणं, दारात बसून राहणं, मांडीखाली दाबलेला हात.

तो माझ्याकडं वळला. "काकींनी मारलं म्हणून उम्यानं जीव दिला?"

"गाव तसं म्हणतं. त्यांनाही तसंच वाटतं."

"न्हाई, सर. तसं न्हाई. माराचं त्याच्या ध्यानातबी नव्हतं. त्यो हसत गेला."

"हे मला सांगून काय होणार?"

धुकं आता विरळ होत होतं. गावाकडून माणसांचे आवाज यायला लागले होते.

"काकी मला जित्ता सोडणार न्हाई," तो म्हणाला.

ती तुला माफ करेल, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. "त्या काय करतील, ते मला सांगता येणार नाही."

दिगू उठला. मी पुढं केलेला हात त्यानं धरला नाही. या वेळी तो मळ्याच्या वाटेनं वळला नाही. सरळ पायऱ्या चढून गल्लीत गेला. मी दोन पावलं मागं होतो.

शालन दारात बसली होती. ओल्या कपड्यांतलं पोरगं समोर येऊन उभं राहिलं, तरी तिनं वर बघितलं नाही. तो म्हणाला, "काकी, मी हुतो तिथं."

तेव्हा तिनं बघितलं.

त्यानं सगळं सांगितलं. फडकं, चमकणारं पाणी, वर आलेला हात. स्वतः हसल्याचंही सांगितलं. काही गाळलं नाही, आणि सांगताना तिच्यावरची नजर काढली नाही. तो थांबल्यावर गल्ली इतकी शांत झाली, की त्याच्या पँटमधून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

शालनचा आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकला. "हसत हुता?"

"व्हय, काकी."

"माझ्यावर रागवून न्हाई गेला?"

"न्हाई."

ती भिंतीला धरून उठली. आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी दिगूच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला डॉक्टरांकडं न्यायला हवं होतं, गल्लीच्या टोकाला माणसं दिसायला लागली होती, त्यांच्या पुढं अक्काताई अनवाणी पळत येत होती. मी म्हणालो, "चल. तुझं सांगून झालं."

त्यानं मान हलवली.

"काकी परत काय तरी विचारतील, सर. मला हितं असाय पायजे."

आणि तो त्या बंद दारासमोर, दाराकडं तोंड करून, पायरीवर बसला.